अजून दोघं बसतील

दणकट, उंचीपुरी, 'कुठेही चढेल' अशा मोटारीचा जाहिरातीतला फोटो एकदा नीट निरखून पाहा. त्यात रस्ता नसतो, माणूस नसतो आणि नंबर प्लेट नसते. गाडी एकटीच उभी. मागे डोंगर, वर ढग, खाली चिखल. चिखलसुद्धा शिस्तीचा, दारांच्या खालच्या अंगाला नेमका उडालेला, पण कंपनीच्या नावावर एक शिंतोडा नाही. टायरची नक्षी दिसावी म्हणून पुढची चाकं जरा वळवलेली. भर दुपारी दिवे लागलेले. काचा इतक्या काळ्या, की आत कुणी बसलंय की गाडी घरच्यांना कंटाळून आपली आपणच निघून आली, कळायला मार्ग नाही. आणि नंबर प्लेटच्या जागी गाडीचंच नाव. आमच्याकडे एमएच ४८ पुसून तिथे स्वतःचं नाव लिहिलेला गृहस्थ दापचरीच्या चेकपोस्टवर गेला, तर त्याला आधी बाजूला घेतील आणि मग तेच नाव पुन्हा सावकाश सांगायला लावतील.

माणसाचं पुढे बघू. रस्ता नसण्याची अट मात्र डहाणू आणि तलासरी तालुक्यांत बसल्या जागी पुरी होते. 'रस्ता तिथे एसटी' हे एसटीने कधीच सांगून ठेवलंय. त्याच हिशेबाने रस्ता नाही तिथे एसयूव्हीची जाहिरात. आणि रस्ता आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही, तिथे आमची जीप. असे रस्ते टेंडरात असतात, फलकावर असतात, भूमिपूजनाच्या नारळात असतात. पहिल्या दोन पावसांनंतर ते फक्त जीपवाल्याच्या डोक्यात उरतात.

आमच्याकडे जीप म्हणजे ट्रॅक्स, क्रूझर, मॅक्स, एखादी म्हातारी कमांडर, काहीही. चारोटी नाक्यावरून कासा, सायवन, गंजाडकडे, नाहीतर तलासरीहून उधव्याकडे सीटा भरून जाते ती जीप. तिचा फोटो कुणी काढत नाही. काढला तर तो वाहतूक पोलीस असतो.

ज्या गाडीच्या फोटोंवरून हे सगळं सुचलं ती लँड रोव्हर डिफेंडर. गाडी विलायती, पण २००८ पासून कंपनी टाटांची, म्हणजे सासर आपल्या फोर्टातल्या बाँबे हाऊसमध्ये. तिथून चालत चर्चगेटला यावं, डहाणू लोकल पकडावी आणि भाईंदरपर्यंत उभं राहावं, इतकी ती आमच्या जवळची. जुनी डिफेंडर २९ जानेवारी २०१६ रोजी इंग्लंडातल्या सॉलिहलच्या कारखान्यातून शेवटची बाहेर पडली. तोवर त्या घराण्यातल्या वीस लाखांवर गाड्या झाल्या होत्या. मग १० सप्टेंबर २०१९ ला फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात नव्या अंगाची, नव्या सांगाड्याची डिफेंडर आली. ती स्लोव्हाकियात नित्रा इथे बनते, आणि २०२० च्या ऑक्टोबरात ती भारतातही आली. जुन्या गाडीचे भक्त खवळले. पहिली कशी ठोकळ्यासारखी चौकोनी होती, गळायची, थंडीत गारठवायची, आत बसलं की कोपर दाराला लागायचं. आणि ही म्हणे गुळगुळीत, उबदार, बोलते सुद्धा! सुधारलेल्या गोष्टीवर इतका राग फक्त मोटारवाले आणि सासूबाईच धरू शकतात.

पण या गाडीची कुळकथा काढली की मौज आहे. मॉरिस विल्क्स हा रोव्हर कंपनीचा मुख्य इंजिनिअर. वेल्समधल्या अँगलसी बेटावर त्याची शेती. शेतावर युद्धातून उरलेली विलिस जीप राबवायचा. १९४७ साली तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर त्याने काठीने वाळूत नव्या गाडीचं चित्र काढलं, अशी ही कथा सांगतात. म्हणजे गाडीचा पहिला फोटोही वाळूतच, आणि भरतीला पुसला गेला. युद्धानंतर पोलाद मिळेना म्हणून अंग अॅल्युमिनियमचं केलं. लष्कराचा उरलेला हिरवा रंग होता, तोच फासला. पहिल्या नमुन्याचं स्टिअरिंग ट्रॅक्टरप्रमाणे मधोमध होतं, आणि इंजिनाच्या जोरावर शेतातली यंत्रं चालवायची सोयही होती. आपल्या ट्रॅक्टरवाल्यांना पीटीओ म्हटलं की कळतं, तेच. अशी ती शेतकऱ्याची गाडी ३० एप्रिल १९४८ ला अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. त्यानंतर महिन्याभरानेच, १ जून १९४८ ला, पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. दोघी एका वयाच्या, दोघी ओझी वाहायला जन्मलेल्या. एकीचं नशीब फळफळलं, किंमत कोटीच्या घरात गेली आणि डोक्यावरचं ओझं उतरलं. दुसरीचं काय झालं ते डहाणूच्या आगारात जाऊन पाहावं.

हे ओझं उतरणंच मला त्या फोटोंत डाचतं. नव्या डिफेंडरच्या टपावर उभ्या गाडीत ३०० किलो आणि चालत्या गाडीत १६८ किलो वजन चालतं, असं कंपनी सांगते. आकडा बघा किती काटेकोर. एकशे अडुसष्ट! आमच्या जीपवाल्याला असा आकडा विचारला तर तो टपाकडे न बघता सांगेल, "काय ठेवायचंय ते बोला." भाताची पोती, बांबू, पत्रे, एक सायकल, लग्नाचे दोन कर्णे, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या आणि या सगळ्यावर लक्ष ठेवायला दोन पोरं. पोरांचं भाडं अर्धं, कारण त्यांना खिडकी नाही. कोंबड्यांचं वेगळं. जाहिरातीतल्या गाडीच्या टपावर काय असतं? एक रिकामी जाळी. तिच्यावर फार तर दोन जेरीकॅन, तेही रिकामे, नाहीतर एक पातळ होडी. ती होडी घेऊन कोणत्या नदीत उतरायचं, हे फोटोत सांगत नाहीत. आमच्या सूर्या नदीत मे महिन्यात ती उलटी धरून सावलीला वापरता येईल.

डिफेंडरमध्ये एक बटण आहे. ते दाबून गाडीला सांगायचं, पुढे गवत-खडी आहे, चिखल आहे, वाळू आहे की दगड. मग गाडी आपली चाल बदलते. ही सोय आमच्या जीपमध्ये फार आधीपासून आहे, फक्त बटण नाही, क्लीनर आहे. मागच्या पायरीवर उभा राहून तो चार अवस्था ओळीने पुकारतो : सरका, लटका, उतरा, ढकला. सपाटीला 'सरका'. नाक्यावर आणखी सीट मिळाली की 'लटका'. चढ लागला की 'उतरा', आणि चढाच्या मध्यावर 'ढकला'. चौथ्या अवस्थेत गाडीला जितक्या माणसांनी मिळून पुढे नेलेलं असतं, तितक्या अश्वशक्तीची गाडी अजून कुठल्याही कंपनीने काढलेली नाही. आणि ढकलल्यावरही भाडं पूर्ण घेतात. याला म्हणतात ब्रँडवरची निष्ठा.

पाण्याचं तर विचारूच नका. नवी डिफेंडर ९०० मिलिमीटर पाण्यातून जाते, म्हणजे जवळजवळ कमरेपर्यंत. शिवाय तिच्या बाजूच्या आरशांत असे कान बसवलेत की पाणी किती खोल आहे ते पुढच्या पडद्यावर चित्रात दिसतं. आमच्या ओढ्यांवर फरशी असते. फरशी म्हणजे पूल होता होता राहिलेला रस्ता. पावसाळ्यात तिच्यावरून पाणी जायला लागलं की जीप थांबते, सगळे गप्प होतात आणि ड्रायव्हर मागे वळून म्हणतो, "मावशी, जरा बघता का?" मावशी उतरते. डोक्यावरची पाटी क्लीनरच्या हातात देते, लुगडं खोचते आणि त्याच फरशीवरून वर्षानुवर्षं गेलेली असल्यामुळे पायाने चाचपत मधोमध जाऊन उभी राहते. गुडघ्याला लागलं तर हात वर करते, जीप निघते. मांडीला लागलं तर काही न बोलता परत येते, आणि कुणी तिच्याशी वाद घालत नाही. उपकरण बिनचूक, वॉरंटी लागत नाही, आणि मधूनमधून उपकरण ड्रायव्हरला सांगतं, "तुझ्या बापालाही मीच थांबवलं होतं." हे सगळं करून पुन्हा जागेवर येईपर्यंत तिच्या जागी कुणीतरी बसलेलं असतं. तेव्हा पडद्याचा एकच फायदा मला मान्य आहे, त्याची जागा कुणी घेत नाही.

आपल्या मुलखातल्या गाड्यांच्या डोक्यावरचं ओझंही हळूहळू तसंच उतरत चाललंय. विलिस जीप जोडायला महिंद्रांनी मुंबईत सुरुवात केली. त्या जीपनेच पुढे खेड्यापाड्यांत कमांडर, मार्शल, मॅक्स अशी पोरंबाळं वाढवली. थार हे त्यातलं लाडकं शेंडेफळ. पहिली थार २०१० ला आली, नवी २ ऑक्टोबर २०२० ला, आणि पाच दारांची रॉक्स १५ ऑगस्ट २०२४ ला. म्हणजे मागच्या माणसाला स्वतःचं दार मिळायला चौदा वर्षं लागली. आमच्या जीपवाल्याने हा प्रश्न एका दिवसात सोडवला होता. त्याने मागचं दार काढूनच टाकलं. फोर्स मोटर्सच्या घरात तर सख्ख्या भावांचं नाटक आहे. पुण्याच्या फिरोदियांच्या या कंपनीची ट्रॅक्स एकीकडे आणि गुरखा दुसरीकडे. एकाच घरातले दोघे. गुरख्याला नाकावर उंच नळी दिली, डोंगरावर नेऊन फोटो काढले. ट्रॅक्सला पोरं, पोती आणि तिच्यापेक्षा दुप्पट वयाचा ड्रायव्हर दिला. गुरखा सुट्टीच्या दिवशी डोंगर चढतो. ट्रॅक्स रोज चढते, आणि चढून पुन्हा नाक्यावर येऊन नंबर लावते.

जीपमध्ये असं माणसांना कोंबणं बरोबर आहे, असं माझं म्हणणं नाही. कायद्यात बसत नाही, उताराला जीव मुठीत धरावा लागतो आणि कधी कधी व्हायचं ते होतंही. पण कोंबणाऱ्याला बोल लावणाऱ्याने आधी थांब्यावर उभं राहून पुढच्या एसटीची वाट बघावी. तोवर त्याचं मत बदललेलं असेल, नाहीतर तो जीपमध्ये बसलेला असेल.

आता खरी गंमत सांगतो. मोटारीच्या जाहिरातीत बरेचदा मोटारच नसते. मोटार कॉम्प्युटरवर बनवतात आणि डोंगराच्या फोटोवर नेऊन ठेवतात. २०१६ साली लंडनच्या 'द मिल' या कंपनीने 'ब्लॅकबर्ड' नावाचा एक सांगाडा आणला. नुसती चाकं, चौकट आणि कॅमेरे. त्याची लांबी-रुंदी कमीजास्त करता येते. तो रस्त्यावरून पळवायचा आणि नंतर त्याच्यावर हवी ती गाडी कॉम्प्युटरने चढवायची. म्हणजे चिखल खरा, उडवणारी गाडी खोटी. हे वाचलं तेव्हा मला आमच्या जीपबद्दल फार आदर वाटला. तिच्यातलंही बरंच काही गळून पडलंय, बॉनेटला सुतळी आहे, एक दिवा फक्त डावीकडचं आभाळ दाखवतो. पण जे आहे ते तिथेच आहे.

शनिवार-रविवारी या जाहिराती जिवंत होऊन मुंबई आणि सुरतेकडून आमच्याकडे येतात. घोलवड-बोर्डीच्या रस्त्याला दोन्ही अंगांना चिकूच्या वाड्या, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला तोच घोलवडचा चिकू, पुढे सुरूची रांग आणि पलीकडे समुद्र. ओहोटीला इथे पाणी इतकं लांब जातं की माणसाला वाटतं, समुद्राने गाव सोडलं. अशा वेळी एखादी मोठी गाडी वाळूत उतरते. मागे कुणीतरी मोबाईल धरून उभं. गाडी गोल फिरते, पाणी उडवते, फोटो निघतो, आणि मग पुन्हा एकदा चांगला यावा म्हणून ती आणखी आत जाते. किनाऱ्यावर जाळी विणत बसलेला म्हातारा मान वर करून एवढंच विचारतो, "आज तिथी कोणती?"

हा प्रश्न गाडीच्या पडद्याला येत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांगाची भरती, आणि तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, हा हिशेब इथे शेंबड्या पोरालाही येतो. त्या पडद्यावर सिंगापूरचं हवामान दिसतं, पण आज चतुर्दशी आहे हे दिसत नाही. मग चाकं रुततात. मालक अॅक्सिलरेटर दाबतो, चाकं आणखी आत. बटण 'वाळू'वर ठेवलेलं असतं, पण वाळूला ते माहीत नसतं. मग ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरवाल्याची बोलणी ऐकण्यासारखी असतात.

"ओढून द्यायचे किती घेणार, दादा?"

"गाडी कितीची आहे?"

"त्याचा काय संबंध?"

"संबंध नाही म्हणता? बरं. पाणी कुठवर आलंय ते बघा, मग बोलू."

२०२४ च्या जूनमध्ये कच्छात मुंद्र्याजवळ दोन थार अशाच समुद्रात रुतल्या. व्हिडिओ देशभर फिरला आणि पोलिसांनी गुन्हा दाखल केला. गाडीला दोष नाही. फोटोत जे दाखवलं ते माणसाने करून बघितलं, एवढंच. फोटोखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'निष्णात चालकाकडून, नियंत्रित वातावरणात'. त्या निष्णात चालकाला आम्ही आजवर पाहिलेला नाही. काचा काळ्या असतात ना.

या गाड्यांच्या दारांवर हल्ली वारली चित्रांचे स्टिकर असतात. तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती हातात हात गुंफून नाचणारी माणसं. बघून बरं वाटतं; निदान बाहेरून का होईना, माणसं गाडीला लटकलेली आहेत. आमच्या जीपला लटकतात तशीच, फक्त स्टिकरकडून भाडं घेत नाहीत. ही चित्रं जगभर नेली ती गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेलं वारली चित्र आणि मोटारीच्या जाहिरातीचा फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहावा. वारली चित्रात मोकळी जागा राहतच नाही. कुणी भात लावतंय, कुणी ताडावर चढलंय, कुणी पाणी आणतंय, मधूनच एक कोंबडी धावतेय, मुंग्यांची रांगसुद्धा चुकत नाही. हल्लीच्या चित्रांत आगगाडी येते, बस येते, आणि आली की तिच्या प्रत्येक खिडकीत माणूस असतो. रिकामी गाडी काढणं त्या हाताला जमतच नाही. डिफेंडरचा तो डोंगरावरचा फोटो गंजाडच्या एखाद्या चित्रकाराला दिला आणि म्हटलं, हे काढ, तर तो गाडी काढेल, डोंगर काढेल, मग थोडा वेळ बघत राहील आणि टपावर सहा माणसं बसवेल. एक बकरीही.

जाहिरातीत आणखी एक महागडी चीज दिसते, टपावरचा तंबू. आकाशाखाली झोपायचा. धुंदलवाडीच्या आणि आसपासच्या पाड्यांतल्या लोकांनी हे २०१८-१९ च्या हिवाळ्यात करून पाहिलंय. नोव्हेंबर २०१८ पासून तिथे भूकंपाचे धक्के सुरू झाले, घरात झोपायची भीती वाटायला लागली, आणि माणसं थंडीत बाहेर तंबूंत झोपली. आकाश फोटोतल्याइतकंच सुंदर होतं. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. 'जमीन हादरवणारी ताकद' अशी ओळ लिहिणाऱ्याने ती तलासरीत छापण्याआधी एकदा विचार करावा.

आणखी थोड्या वर्षांनी या मुलखात रस्तेच रस्ते होतील म्हणतात. महामार्ग तर होताच, आता मुंबई-बडोदा द्रुतगती मार्ग, वाढवणचं बंदर, आणि ताशी ३२० किलोमीटरची बुलेट ट्रेन. ५०८ किलोमीटरच्या त्या मार्गात डहाणू आणि तलासरी दोन्ही तालुके येतात. स्टेशन मात्र बोईसरला, त्यानंतर थेट गुजरातेत वापीला. तेव्हा आमच्या वाट्याला ती फोटोतच येणार. एका गोष्टीची मात्र मला खात्री आहे. बुलेट ट्रेनच्या खांबांखालून सायवनकडे जाणारी जीप तेव्हाही असेल, आणि तिचा क्लीनर वरती बघून म्हणेल, रिकामी चालली वाटतं.

एक फोटो मात्र कोणत्याही मोसमात निघू शकतो, त्याला प्रायोजक मिळत नाही. पाड्यावर बाई अडलेली असते किंवा कुणाला साप चावलेला असतो, आणि जीपसुद्धा जिथे पोचत नाही तिथून माणसाला डोलीतून आणावं लागतं. एक बांबू, एक चादर, आलटून पालटून खांदा देणारी माणसं. चिखलातून, दगडावरून, उतारावरून, रात्रीची. तिथे चाल बदलायचं बटण नसतं. खाली रस्त्यावर जीप उभी असते, आणि त्या वेळी ड्रायव्हर सीट मोजत नाही. आधीचे सगळे न सांगता उतरलेले असतात.

तर समजा, अशा एखाद्या नव्या मोठ्या गाडीचे फोटो काढायला मुंबईचं युनिट आमच्याकडे आलं. येऊ दे की. महालक्ष्मीचा डोंगर आहे, गंभीरगड आहे, आशेरीगडही लांब नाही, समुद्र तर पायाशी. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, त्यामुळे झाडंही बरीच शिल्लक आहेत. लोकेशन बघणारा मुलगा खूश होईल. म्हणेल, इथे तर कुणीच नाही. गाडी ट्रेलरवरून उतरेल. हो, ती चालत येत नाही, ट्रेलरवरून येते. कापडाने पुसतील, मग बाटलीतून चिखल मारतील. आणि पाच मिनिटांत जिथे 'कुणीच नाही' तिथे चाळीस पोरं उगवतील. कुठून, हे पालघर जिल्ह्यात कुणालाही विचारू नये. त्यांना कॅमेऱ्यामागे बसवतील, बिस्किटं देतील. आता शॉट. तेवढ्यात डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई, मागे तीन गुरं, बरोबर गाडीच्या समोरून.

"मावशी, जरा थांबता का? शॉट चालू आहे."

"मी थांबते. गुरं थांबतात का ते त्यांना विचार."

"दुसऱ्या वाटेने नाही का जाता येणार?"

"ही वाटच आहे, पोरा. तुझी गाडी तिच्यावर उभी आहे."

दिग्दर्शक डोक्याला हात लावेल. मागून जीप येऊन हॉर्न देईल, कारण तिचाही रस्ता तोच. जीपमधून वीसएक डोकी बाहेर डोकावतील आणि त्या चकचकीत गाडीला खालून वर, वरून खाली बघतील. किंमत कुणी विचारणार नाही. क्लीनर पायरीवरून खाली उतरेल, काळ्या काचेला डोळे लावून आत बघेल, सात सीटा रिकाम्या आहेत हे मोजेल आणि अत्यंत गंभीरपणे ड्रायव्हरला ओरडून सांगेल, "अहो, ही तर पूर्ण खाली आहे!"

जाहिरातवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. जरूर या. भाताची कापणी झाली की या, म्हणजे शेतातून गाडी घातली म्हणून कुणी काठी घेऊन धावणार नाही. पण फोटो काढून ती गाडी तशीच रिकामी ट्रेलरवर चढवू नका. चारोटी नाक्यावर आणा. कासा-सायवनची माणसं संध्याकाळी तिथे उभीच असतात. परवान्यात सात असतील तर सातच घ्या, टपावर १६८ किलोच ठेवा, काटा लावून मोजा हवं तर. मावशीला पुढे बसवा, फरशी लागली तर तिचं ऐका. आणि भाडं बसताना मागू नका. इथे ते उतरल्यावर देतात.